वास्तू तथास्तु म्हणते का?

मावशीचा कर्करोग यकृतात पसरल्याचं कळलं, त्याच आठवड्यात तिनं विचारलं, "मी गेल्यावर माझ्या पुस्तकांचं काय कराल रे?" दिवेलागणीची वेळ होती. मामा कडाडला, "अभद्र बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते!" मावशी गप्प झाली. पुढचे तीन आठवडे ती फक्त औषधं आणि पावसाबद्दल बोलली.

मरणाचं नाव काढलं की मरण ओढवतं, हा समज साफ खोटा आहे आणि आजारी माणसाला तो एकटं पाडतो. २०१० साली बॉस्टनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्यांच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणं आणि पुढे काय हवंय यावर मोकळं बोलणं. दुसऱ्या गटात नैराश्य कमी आढळलं, आणि मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ८.९ ऐवजी ११.६ महिने भरलं. ते बोलण्यामुळेच वाढलं असं म्हणता येणार नाही. पण तथास्तु काही कुणी म्हटलं नाही.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते शब्द सापडताना मेंदूत होणारं काम. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं ३० जणांना एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या यंत्रात झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. रक्तातलं ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन यंत्राचं चुंबकीय क्षेत्र किंचित विस्कटतं. काम करणाऱ्या भागाकडे ताजं रक्त धावलं की हे विस्कटणं कमी होतं आणि संकेत वाढतो. असे चेहरे पाहताना अमिग्डला हा बदामाएवढा भाग जागा होतो. चेहऱ्याला माणसाचं नाव निवडायला सांगितलं, तरी तो तसाच जागा. पण 'राग', 'भीती' असा भावनेचा शब्द निवडला की त्याची हालचाल उतरते, आणि त्याच वेळी उजव्या कपाळामागचा व्हेंट्रोलॅटरल प्रीफ्रंटल भाग कामाला लागतो. हा जितका जास्त चालतो, तितकी अमिग्डला शांत. आणि दोघांमधला दुवा बहुधा मिडियल प्रीफ्रंटल भाग असतो.

फोटोतला चेहरा म्हणजे स्वतःचं मरण नव्हे, हे खरंच. म्हणून कॅनडातल्या विनिपेगचे मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांचं काम महत्त्वाचं. ते रुग्णाशी आयुष्याबद्दल बोलतात, ते ध्वनिमुद्रित करून उतरवतात, रुग्णाला वाचून दाखवून दुरुस्त करतात आणि पत्रासारखं घरच्यांसाठी ठेवतात. २०११ च्या मोठ्या चाचणीत ही पद्धत वापरलेल्या गटाची इतर गटांशी तुलना केली, तेव्हा मानसिक त्रासाच्या मोजपट्ट्यांवर फरक दिसला नाही. तरी याचा उपयोग झाला, आत्मसन्मान वाढला, घरच्यांनाही मदत होईल, असं सांगणारे रुग्ण या गटात जास्त होते. मन मोकळं केलं की कर्करोग पळतो असं विकणाऱ्या व्हिडिओंवर कृपा करून विश्वास ठेवू नका.

शेवटी मावसबहिणीनंच विचारलं, "आई, नक्की कशाची भीती वाटते?" मावशी म्हणाली, "मरणाची नाही गं. श्वास कोंडेल त्याची." मग डॉक्टरांशी बोलता आलं, धाप लागली तर मॉर्फिनचा छोटा डोस देता येतो हे तिला समजलं. त्या रात्री तिनं पत्र सांगायला घेतलं. चार पानं झाली. आजारावर दोनच ओळी; दीड पान जावेशी झालेल्या जुन्या भांडणावर, माफी मागणारं, आणि उरलेल्यात कुठलं पुस्तक कुणाला द्यायचं त्याची यादी.