चिनी वैद्यकातलं मूत्रपिंड

पारंपरिक चिनी वैद्यकाच्या नकाशात मूत्रपिंडाची मेरिडियन, म्हणजे ऊर्जेची वाट, पायाच्या करंगळीखालून निघते. तळपायातून ती आतल्या घोट्यामागे जाते, पायाच्या आतल्या बाजूने वर चढते आणि पोट-छातीवरून गळ्याजवळच्या हाडाखाली संपते. वाटेत 27 बिंदू आहेत. ‘छी’ नावाची ऊर्जा अडली किंवा ओसरली की शरीराचा समतोल ढळतो आणि या बिंदूंवर सुई टोचून वा दाब देऊन तो सावरता येतो, अशी धारणा आहे.

हे मूत्रपिंड म्हणजे सोनोग्राफीत दिसणारा अवयव नव्हे. जन्मतः मिळालेलं सत्त्व, शरीरातलं पाणी, प्रजनन, हाडं, मज्जा, केस, कान, शिवाय भीती आणि हिवाळासुद्धा त्याच्याकडे सोपवलेले आहेत. त्यामुळे ‘किडनीची ऊर्जा कमी आहे’ याचा अर्थ क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट गाळत नसली की रक्तात साचणारं टाकाऊ द्रव्य, वाढलंय असा होत नाही. आणि क्रिएटिनिन खरोखर वाढलेलं असेल, तर ऊर्जा ठीक असल्याचा निर्वाळा काही कामाचा नाही.

हाडं आणि मज्जेचा उल्लेख वाचून मीही थबकलो होतो. खरी मूत्रपिंडं ड जीवनसत्त्वाला क्रियाशील रूप देतात, ते हाडांना लागतं. आणि एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात, त्यावर मज्जेत तांबड्या पेशी तयार होतात. प्राचीन वैद्यांना हे ठाऊक होतं, असं म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच यादीतले केस आणि हिवाळा सोयीने गाळून फक्त जुळलेलं तेवढं मोजणं हे विज्ञान नाही.

हा नकाशाही एकदम तयार झालेला नाही. 1973 मध्ये हूनान प्रांतातल्या मावांगत्वेई इथल्या थडग्यात, इ.स.पू. 168 मध्ये पुरलेल्या रेशमी हस्तलिखितांत, अशा अकराच वाटा सापडल्या, आणि त्यांवर टोचण्याचे बिंदू नव्हते. बारा वाटा आणि बिंदू पुढच्या ग्रंथांत येतात. शवविच्छेदनात या वाटांशी जुळणारी कोणतीही रचना आजवर सापडलेली नाही.

मग गुण येतो तो कसा? जर्मनीत कंबरदुखीच्या अकराशेहून अधिक रुग्णांवर झालेली मोठी चाचणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांपेक्षा सुयांनी जास्त आराम पडला. पण ठरलेले बिंदू सोडून भलतीकडे वरवर टोचलेल्या सुयांनीही जवळपास तितकाच. म्हणजे आराम खरा, नकाशाचा आधार मात्र डळमळीत.

सुयांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती जडीबुटीची. ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या चिनी मिश्रणात एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच गेली, आणि तरुण बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. 1993 मध्ये हे उघडकीला आलं. पुढे रुग्णांचा आकडा शंभरावर गेला, काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ‘किडनीसाठी’ कुणी चूर्ण किंवा काढा दिला, तर त्यात नेमकं काय आहे ते लिहून घ्या आणि तो कागद आपल्या डॉक्टरांना दाखवा.