संवेदक-स्वच्छता, वाहनांतील
पाऊस आणि रस्त्यावरून उडणारे चिखलमिश्रित तुषार यांमुळे मोटारगाडीचे कॅमेरे, रडार, लिडार (लेसर प्रकाशाने अंतर मोजणारे साधन) व श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी वापरणारे) संवेदक (सेन्सर) यांच्या दर्शनी पृष्ठावर साचणारे पाणी व मळ रोखण्याच्या किंवा काढून टाकण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात.

या पद्धतींचा उगम वायपरमध्ये शोधण्याचा प्रघात आहे. वायपरचे श्रेय सामान्यतः अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन यांना दिले जाते, त्यांचे एकस्व (पेटंट, क्र. ७४३८०१) १० नोव्हेंबर १९०३ रोजी मंजूर झाले. तथापि रॉबर्ट डग्लस यांनी रेल्वे एंजिनाच्या खिडकीसाठी त्याच वर्षी आधी अर्ज केला होता, आणि पोलिश पियानोवादक योझेफ होफमान यांचेही नाव घेतले जाते. केवळ अर्जाची तारीख पाहिली तर डग्लस यांचा दावा आधीचा ठरतो. परंतु आतून तरफेने फिरणारा, काचेवर दाबून धरलेली रबरी पट्टी असलेला दांडा ही पुढे रूढ झालेली रचना अँडरसन यांच्या आराखड्याशी अधिक जुळते. संवेदकांना खरे जवळचे आहेत ते पुढच्या दिव्यांचे वायपर व फवारे. ते साब कंपनीच्या मोटारींवर साधारणपणे १९७० च्या सुमारास आले.

पाण्याचा उपद्रव सर्व संवेदकांना सारखा होत नाही. भिंगावरचा थेंब स्वतःच छोट्या भिंगासारखा वागून कॅमेऱ्यातील प्रतिमा विकृत करतो, तर पाण्याचा सलग पातळ थर तिला तुलनेने कमी बिघडवतो. ७६ ते ८१ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या रडारचे याउलट आहे. त्याच्या आवरणावरील सलग थर लहरी शोषतो व परावर्तित करतो, सुटे थेंब त्यामानाने सुसह्य असतात. लिडारमध्ये १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्यातील द्रवातच शोषला जाऊन दृष्टिपटलापर्यंत फारसा पोचत नाही, म्हणून तो सुरक्षित मानतात; पण याच गुणामुळे ओल्या पृष्ठावर तो ९०५ नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा अधिक क्षीण होतो.

संवेदकांच्या पृष्ठावर कोणता लेप द्यावा याविषयीचे मतभेद यातूनच उद्भवतात. जलविरोधी लेपावर पाण्याचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठाशी करते तो कोन) ९०° पेक्षा अधिक, अतिजलविरोधी लेपावर १५०° पेक्षा अधिक असतो. कमळाच्या पानावर पाणी न ठरण्याचा दृष्टांत मराठी वाचकाला जुनाच आहे. त्या पानाची सूक्ष्म खडबडीत, मेणचट रचना आणि तिची स्वतःला स्वच्छ ठेवण्याची क्षमता यांचे विवेचन बार्थलॉट व नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये केले. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी टिटॅनियम डायऑक्साइडाचे पृष्ठ जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांखाली अतिजलस्नेही होते, म्हणजे त्यावर पाणी थेंब न होता थरासारखे पसरते, असे दाखवले. रडारच्या आवरणाला पहिला, म्हणजे जलविरोधी, मार्ग मानवतो. कॅमेऱ्यासाठी दोन्ही सुचवले जातात. मात्र थेंब निथळण्यास वाऱ्याचा झोत लागत असल्याने, वारा थेट न पोचणाऱ्या मागील कॅमेऱ्याला जलस्नेही लेप अधिक तर्कसंगत दिसतो.

मागील कॅमेरा सर्वाधिक मळतो, कारण धावत्या गाडीमागे निर्माण होणारा कमी दाबाचा प्रदेश चाकांनी उडवलेले तुषार वर खेचतो. त्यामुळे तेथे पाण्याचा फवारा आणि दाबित हवा यांचा वापर करतात, किंवा फोक्सवॅगनच्या काही मोटारींप्रमाणे कॅमेरा बोधचिन्हाआड दडवतात. पुढील काचेमागचा कॅमेरा वायपरच्या कक्षेत बसवलेला असल्याने त्याचा प्रश्न बराचसा सुटतो.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे घेताना इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. बंपरमधील श्राव्यातीत संवेदकांवर कोकणातील जांभ्याच्या तांबड्या मातीचा लेप बसला की अडथळा नसतानाही इशारा वाजतो; अशा वेळी ते मऊ ओल्या फडक्याने पुसतात, दाबाच्या पाण्याचा झोत जवळून मारत नाहीत.