अनवट आलेख आणि त्यांची वाचनीयता

शाळेत शिकवतात त्या स्तंभालेख, वृत्तालेख, रेषालेखाच्या पलीकडचे, गुंतागुंतीची माहिती एकाच चित्रात बसवायला काढलेले आलेख म्हणजे अनवट आलेख. कोळ्याच्या जाळ्यासारखा रडार चार्ट, पाकळ्यांचा ध्रुवीय आलेख, जाड-बारीक ओघांचा सँकी, चौकटीत चौकटी भरलेला ट्रीमॅप, आकड्यांवरून माणसाचे चेहरे काढणारा चेर्नॉफचा प्रकार (१९७३), हे सगळे यात येतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं नुसतं 'चार्ट' म्हटलं की रेल्वेचा रिझर्व्हेशन चार्ट लागला का हेच आधी डोक्यात येतं, म्हणून या नोंदीत आलेख हाच शब्द धरलाय. साधे आलेख कसे वाचायचे ते सगळ्यांना येतंच, ते इथं घेतलेलं नाही.

अनवट म्हणजे तरी काय, हे काळावर आहे. विल्यम प्लेफेअरनं १७८६ मध्ये स्तंभालेख छापला तेव्हा तोच अनवट होता, आणि वृत्तालेख त्याच्याच १८०१ च्या पुस्तकात आला. आज तो दहावीच्या मुलाला येतो.

उगमाबद्दल सगळ्यात जास्त घोळ आहे तो पाकळ्यांच्या आलेखाचा. सर्रास सांगतात की तो फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं शोधला, १८५८ मध्ये, क्रिमियन युद्धात सैनिक गोळीपेक्षा रोगानं जास्त मेले हे दाखवायला. दाखवलं तिनंच आणि जगभर गाजलं ते तिचंच चित्र, पण वर्तुळाभोवती माप मांडायची पद्धत फ्रान्समध्ये आंद्रे-मिशेल गेरीनं १८२९ च्या सुमारासच वापरलेली दिसते आणि विल्यम फारनं, जो पुढं तिचा सल्लागार होता, कॉलऱ्याच्या अहवालात गोल आलेख दिले होते, त्यामुळं शोधाचं श्रेय तिला एकटीला देणं जरा जास्तच होतं. नावाचाही असाच गोंधळ. इंग्रजीत या आलेखाला कोंबड्याच्या तुऱ्याचं नाव चिकटलंय, पण तिनं तो शब्द आलेखाला नव्हे तर ते आलेख असलेल्या छोट्या पुस्तिकेला वापरला असं काही अभ्यासक म्हणतात आणि तेच जास्त पटतं. खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे. तिच्या आधीच्या एका आलेखात मृत्युदर मध्यापासूनच्या लांबीनं दाखवला होता, त्यामुळं जास्त मृत्यूंचे महिने डोळ्याला होते त्याहून फार मोठे वाटायचे, मग पुढच्या आलेखात तिनं माप क्षेत्रफळावर नेलं. म्हणजे ज्या आलेखाचं आज कौतुक होतं तो एका चुकीची दुरुस्ती आहे.

ओघांच्या आलेखाला सँकी हे नाव पडलं ते आयरिश कॅप्टन सँकीच्या वाफेच्या इंजिनाच्या चित्रावरून (१८९८). पण फ्रेंच इंजिनिअर मिनारनं नेपोलियनच्या रशिया मोहिमेचा नकाशा १८६९ मध्येच काढला होता, ४,२२,००० माणसांची जाड पट्टी परतताना १०,००० ची बारीक रेघ होते तो. नावाचा मान खरं तर त्याला मिळायला हवा होता, असो.

वाचनीयता मोजायचा पाया क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोघा अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांच्या १९८४ च्या प्रयोगांचा मानतात. एकाच मापपट्टीवरचं स्थान डोळ्याला सगळ्यात नेमकं कळतं, लांबी आणि कोन त्याखाली, क्षेत्रफळ आणखी खाली, घनफळ आणि रंगाची गडदता तळाला. २०१० मध्ये हीअर आणि बोस्टॉक या संशोधकांनी हे ऑनलाईन माणसं घेऊन पुन्हा तपासलं तेव्हा ढोबळमानानं तसंच आलं. हे समजायला गुळाची ढेप घ्या. समजा गेल्या वर्षीपेक्षा गूळ दुप्पट आला म्हणून कुणी सोसायटीच्या अहवालात ढेपेचं चित्र दुप्पट उंच आणि त्याच प्रमाणात रुंद काढलं, तर कागदावर ते चौपट जागा घेतं आणि ढेप भरीव म्हणून बघितली तर आठपट. आकडा खरा, चित्र खोटं. ऑटो नॉयराथनं १९२० च्या दशकात व्हिएन्नात यावर साधा नियम केला, चित्र मोठं करायचं नाही, तेवढीच चित्रं जास्त मांडायची, दोन ढेपा म्हणजे दोन ढेपा.

पण या क्रमवारीनं सगळं सुटत नाही, कारण सवय नावाची गोष्ट आहे, आणि ती बघायला बेळगावकडच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागासारखी जागा नाही. इथं एकाच माणसाची पत्रिका दोन आकारांत मिळते. मराठी घरातली कुंडली तिरक्या रेषांची, तिच्यात घरं पक्की, वर मधोमध लग्न, आत राशीचे आकडे, आणि मोजायचं डावीकडून उलटं. कन्नड पद्धतीची कडेनं बारा चौकोनांची, तिच्यात राशी पक्क्या, वरच्या ओळीत डावीकडून दुसरा चौकोन मेष, मोजायचं घड्याळाच्या दिशेनं, लग्न फक्त खूण करून दाखवलेलं. माहिती तीच, तेच नऊ ग्रह. आमच्याकडं एका स्थळाची अशी पत्रिका आली तेव्हा काकू चष्मा लावून चौकटींत राशीचे आकडे शोधत बसल्या, आकडे नव्हतेच, शेवटी म्हणाल्या "हे कसं बघायचं ओ?" त्याच काकू मराठी कुंडलीत मंगळ कुठल्या घरात ते लांबूनच सांगतात. आलेख कठीण नव्हता, सवयीचा नव्हता.

दुसरं उदाहरण रेल्वेचं. सेक्शन कंट्रोलरच्या, म्हणजे ठरावीक पट्ट्यातल्या गाड्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्याच्या, आलेखात उभ्या बाजूला स्टेशनं असतात, मिरज, कुडची, रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड, बेळगाव, खानापूर, लोंढा अशी, आडवी वेळ, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जास्त उभी तर गाडी जोरात, आडवी झाली तर उभी राहिलेली. एकेरी लाईनवर समोरासमोरच्या दोन रेघा स्टेशनातच छेदायला पाहिजेत, अधेमधे छेदल्या तर काय ते सांगायला नको. हा प्रकार मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७८ मध्ये छापला आणि श्रेय इब्री या इंजिनिअरला दिलं, १८८५ हे साल फिरतं ते त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचं असावं. आता तो कॉम्प्युटरवर आला तरी रेघा त्याच. पहिल्यांदा बघणाऱ्याला नुसतं जाळं दिसतं.

रडार चार्टबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. मध्यातून निघणाऱ्या अक्षांचा क्रम बदलला की त्याच आकड्यांचा आकार बदलतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

रंग भरलेले नकाशे हा मात्र इथला जिव्हाळ्याचा विषय. पद्धत जुनी, शार्ल द्युपँनं १८२६ मध्ये फ्रान्समधल्या शिक्षणाचा असा नकाशा केला. त्यात दोन खोड्या असतात. एक, क्षेत्र मोठं तर रंग मोठा. खानापूर तालुक्यात जंगलच जंगल, माणसं विरळ, तरी नकाशावर तो पसरलेला दिसतो आणि बेळगाव शहर ठिपक्याएवढं. दुसरी, घटक कुठला धरला त्यावर चित्र ठरतं. १९५६ पासूनच्या सीमावादात महाराष्ट्राची बाजू पाटसकर सूत्र मागते, म्हणजे खेडं हा घटक, सलगता आणि भाषिक बहुमत. या वादावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालावरचा महाराष्ट्राचा मोठा आक्षेप हाच, की तिथं खेडं हा घटक धरला नाही. आलेखाच्या भाषेत बोलायचं तर तालुका एका रंगात रंगवला की आतली वेगळी गावं पुसली जातात, आणि गावागणिक रंगवला तर नकाशा गोधडीसारखा होतो, लांबून कळत नाही पण आपलं गाव सापडतं. लोकसंख्येप्रमाणे आकार फुगवलेला कार्टोग्रॅम पहिली खोड काढतो, पण त्यात हुक्केरी कुठं आणि चिक्कोडी कुठं हे चिक्कोडीच्या माणसालाही पटकन सांगता येत नाही.