डांबरगोळ्या टाकल्या तरी स्वेटरला कुबट वास का येतो?

‘पेटीत डांबरगोळ्या टाका, कपडे वर्षभर ताजे राहतात’ हा समज मराठवाड्यात घरोघरी आहे. तो अर्धाच खरा. गोळीची वाफ कसर मारते, पण ओल शोषत नाही. कुबट वास येतो बुरशीचा आणि बुरशीला लागते ओल. गोळीचा उग्र दर्प तो वास फक्त झाकतो. शिवाय ही वाफ तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते. त्यांच्या कपड्यांत, दुपट्यांत गोळी कधीच नको.

खरं काम पेटी भरण्याआधीचं. स्वेटर, शाली, वाकळा धुऊनच ठेवा, कारण घाम आणि तेलकटपणावर बुरशी पोसते. एप्रिल-मेची कोरडी हवा ही आपल्याकडची मोठी सोय आहे, तेव्हा जूनचा पाऊस लागण्याआधीच पेटी भरा. वाकळ जाड असते, वरून कोरडी लागली तरी आतले थर दमट राहतात. तिला दोन दिवस उलटून-पालटून कडक ऊन द्या. लोकर, पैठणी आणि हिमरू मात्र सावलीतच वाळवा. एक चूक हमखास होते: कूलर चालू असलेल्या खोलीत घड्या घालणं. कूलरची दमट हवा कपड्यांसोबत पेटीत बंद होते.

प्लास्टिकच्या पिशव्या टाळा, धुतलेलं सुती कापड गुंडाळा. पेटी भिंतीपासून चार बोटं लांब, विटांवर ठेवा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेलाच. ओला पाला स्वतःच ओल सोडतो.

वास आधीच लागला असेल, तर सुती कपडे एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी यात अर्धा तास भिजवून धुवा.