घेर सारखा, डोकं वेगळं : सायकल हेल्मेटच्या मापांची पार्श्वभूमी

परभणीहून माझा भाचा शिकायला छत्रपती संभाजीनगरला आला आणि रविवारी पहाटे आमच्यासोबत दौलताबादच्या घाटाला सायकलवर येऊ लागला. त्याच्यासाठी हेल्मेट घ्यायला गेलो. दुकानदाराने डोक्याला टेप लावला, 56 सेंटिमीटर. माझंही डोकं 56 चंच. म्हटलं, मग माझ्यासारखंच मीडियम द्या. पहिल्याच फेरीत शरणापूर येईपर्यंत पोराने दोनदा हेल्मेट काढलं. ‘‘मामा, मागं डावीकडं लई टोचायलंय, अन् उजवीकडं आख्खं बोट आत जायलंय.’’ त्याच्या मागच्या डाव्या बाजूला केसांखाली लालभडक वण उठला होता.

ताईला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. तान्हा असताना हा मान उजवीकडे वळवूनच झोपायचा. आईने मोहरीची उशी शिवली, रोज टाळू भरली, तेलाच्या हाताने डोकं गोल करायचा प्रयत्न केला, पण डोळा लागला की मान पुन्हा उजवीकडे. त्यामुळे डोक्याची मागची उजवी बाजू चपटी राहिली. आपल्याकडे घरोघरी हे माहीत असतं आणि केस वाढले की सगळे विसरून जातात. तान्ह्या बाळाची कवटी मऊ असते, तिची हाडं जुळलेली नसतात, एकाच जागी सतत दाब आला की ती जागा सपाट होते. डॉक्टरी भाषेत याला प्लॅजिओसेफली म्हणतात. एरवी याचा त्रास सहसा काही नसतो. 1992 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला पोटावर न झोपवता पाठीवर किंवा कुशीवर झोपवा असं सांगितलं, तेव्हापासून झोपेतले अचानक मृत्यू खूप घटले आणि चपट्या डोक्यांची नोंद मात्र वाढली. सल्ला योग्यच होता, हजारो बाळं त्याने वाचली. पण ती पिढी आता सायकल चालवते आणि तिला हेल्मेट लागतं.

मग प्रश्न पडला, की डोक्यावर काहीतरी घालायची रीत इतकी जुनी असताना ही अडचण पूर्वी कुणाला का आली नाही?

आपल्या भागात उत्तर डोळ्यासमोरच आहे. मराठवाड्यातला शेतकरी पटका किंवा रुमाल बांधतो, आणि कापडाला माप नसतं. डोकं लांब असो, गोल असो, एका बाजूला बसकं असो, पटक्याचे वेढे त्याच्याशी जुळवून घेतात. अडचण सुरू होते ती घडीव टोपीपासून. युरोपातल्या टोपीवाल्यांना ती चांगली ठाऊक होती. 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये एक यंत्र निघालं, कॉन्फॉर्मेटर नावाचं. दिसायला उंच टोपीसारखं, भोवती उभ्या पट्ट्यांची रांग. डोक्यावर बसवलं की प्रत्येक पट्टी त्या जागी डोकं जितकं बाहेर आहे तितकी सरकते, आणि वरच्या झाकणातला कागद टाचण्यांनी टोचला जातो. त्यावर गिऱ्हाइकाच्या डोक्याची छोटी आकृती उमटते. ते ठसे पाहिले तर एकही साधा लंबगोल नसतो. कुठे टेंगूळ, कुठे खळगा. टोपीवाला त्या आकृतीवरून टोपीची कड वाकवून द्यायचा.

त्याच दशकात स्वीडनच्या अँडर्स रेट्झियस यांनी कवटीची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर असा एक आकडा काढला. 75 च्या खाली आलं तर डोकं लांबट, 80 च्या वर गेलं तर गोल. आकडा उपयोगी होता, पण पुढे त्याचा वापर माणसांना वंशांच्या उतरंडीत बसवायला झाला. इथे एका मराठी नावाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधनाला गेल्या. विषय होता माणसाच्या कवटीची डावी-उजवी विषमता. युरोपीय कवटीत ती वेगळी असते आणि त्यांची बुद्धी त्यामुळे श्रेष्ठ, असं दाखवण्याची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी या विषमतेचा काही संबंध दिसत नाही असा निष्कर्ष गुरूच्या मताविरुद्ध नोंदवला. माझ्या भाच्याच्या बाबतीत मला त्यातली एक गोष्ट फार जवळची वाटते: कवटी कमी-अधिक वाकडी असणं हा माणसाचा सर्वसाधारण गुण आहे. त्याची थोडी जास्त वाकडी आहे इतकंच.

आता सायकलीकडे. 1880 च्या सुमारास पुढचं चाक छातीएवढं उंच असलेल्या सायकलींवरून लोक तोंडघशी पडायचे. तेव्हा काहींनी सोला हॅट वापरली, बंगालच्या दलदलीत उगवणाऱ्या शोल्याच्या भेंडापासून केलेली. म्हणजे सायकलस्वाराच्या डोक्यावरचं सुरुवातीचं संरक्षण आपल्याच मातीतलं. नंतर शर्यतीवाल्यांनी चामड्याच्या वळ्या जोडून केलेली जाळी घातली, ती 1980 च्या दशकातही दिसायची. ही जाळी लवचीक, त्यामुळे कुठल्याही डोक्यावर बसायची. फक्त आपटल्यावर डोकं वाचवण्याची ताकद तिच्यात फारशी नव्हती.

ती ताकद आली थर्माकोलने. 1975 मध्ये अमेरिकेत बेल कंपनीने ‘बेल बायकर’ आणलं, बाहेर कडक कवच आणि आत थर्माकोलचा थर. डोकं आपटलं की थर चिरडतो आणि धक्का शोषून घेतो. चिरडला की पुन्हा उठत नाही, म्हणून एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट टाकूनच द्यायचं असतं. पण हाच थर डोक्याशी जुळवून घेत नाही. पटका वळतो, चामडं वाकतं, थर्माकोल साच्यात ओतलं त्याच आकारात राहतं. माझ्या मते डोक्याच्या आकाराची अडचण खऱ्या संरक्षणाबरोबरच जन्माला आली. दोन्ही एकाच वस्तूचे गुण आहेत.

सुरुवातीला ती पोकळी वेगवेगळ्या जाडीचे स्पंज चिकटवून भरत. 1990 च्या दशकात मागच्या बाजूला घट्ट-सैल करायचा पट्टा आला, पुढे फिरवायची चकती आली. सोय मोठी झाली, पण चकती घेर आवळते, आकार बदलत नाही. उलट दुकानात ‘चकती आवळा, बसतंय’ असं म्हणायची सवय लागली आणि स्पंजाची चार पाकिटं ठेवणं बंद पडलं.

दुसरं कारण चाचणीत आहे. हेल्मेट तपासतात ते धातूच्या डोक्यावर. या डोक्यांच्या मापांना अक्षरं आहेत: ए म्हणजे 50 सेंटिमीटर, ई म्हणजे 54, जे म्हणजे 57, एम म्हणजे 60, ओ म्हणजे 62. युरोपच्या ईएन 1078 या मानकानुसार हेल्मेट घातलेलं असं डोकं सुमारे दीड मीटरवरून सपाट ऐरणीवर पाडतात आणि आतला धक्का 250 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 250 पटीच्या, वर जाता कामा नये. चाचणी चांगली आहे, आतला तो स्टिकर पाहूनच हेल्मेट घ्यावं. पण त्या धातूच्या डोक्याची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी असते आणि आकार एका साच्यातला. त्यावर पास झालेलं हेल्मेट तुमच्या डोक्याबद्दल काही सांगत नाही. आपल्याकडे आयएस 4151 हे मानक आहे, पण ते मोटारसायकलवाल्यांसाठी.

साच्याचा हा प्रश्न सर्वांत ठळकपणे समोर आणला हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या रॉजर बॉल यांनी. पाश्चात्त्य मापाची हेल्मेटं चिनी लोकांना बसत नाहीत असा अनुभव आल्यावर त्यांनी चीनमधल्या सुमारे 2000 लोकांची डोकी त्रिमितीत मोजली. डोकी अधिक गोल, कपाळ आणि मागची बाजू अधिक सपाट. आज काही हेल्मेटांवर ‘एशियन फिट’ लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थ रुंद आणि गोल साचा. सगळ्या आशियाला तो बसेल असं अर्थातच नाही. मला स्वतःला तो कानाच्या वर ढिला होतो.

हे वाचून एका संध्याकाळी आम्ही घरीच कॉन्फॉर्मेटर केला. वायरमन वापरतात ती सोल्डरिंगची मऊ तार भुवयांच्या बोटभर वर, डोक्याभोवती दाबून बसवली, जपून उचलली, वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलने गिरवली. आधी त्याची, मग माझी. माझी लांबी 19.6, रुंदी 14.7, म्हणजे रेट्झियसचा आकडा 75. त्याची लांबी 18.3, रुंदी 16, आकडा 87. घेर दोघांचा 56. एक केळ्याकडे झुकलेली, दुसरी संत्र्याकडे आणि संत्र्याचा मागचा उजवा गाल कापलेला. दुकानदाराच्या टेपला आम्ही दोघं सारखेच होतो.

कागद घेऊन दुकानात गेलो. गोल साच्याचं हेल्मेट उलटं धरून आकृतीशी ताडलं. डावीकडचं टोचणं थांबावं म्हणून एक साइज मोठं घेतलं, उजव्या मागच्या बाजूला जाड स्पंज वेल्क्रोने चिकटवला. एका मित्राने थर्माकोल ब्लेडने तासून द्यायची तयारी दाखवली होती, ती मी नाकारली. जिथे तासाल तिथेच कवटी वाचवायचा थर पातळ होतो. शेवटी पट्टा उघडा ठेवून त्याला मान खाली घालून हलवायला लावली, हेल्मेट जागचं हललं नाही. कपाळावर दोन बोटं सोडून कड, कानाखाली पट्ट्याचा इंग्रजी व्ही, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी जागा.

नांदेडला हुजूर साहिबच्या परिसरात डोक्यावर जुडा आणि त्यावर पटका बांधलेली शीख मुलं सायकलवर दिसतात, तेव्हा मला हाच कागद आठवतो. त्यांच्यासाठी तर घेर आणि आकार दोन्ही अपुरे, वरची उंची मोजायला हवी. कॅनडात एका शीख आईने आपल्या मुलांसाठी वर फुगवटा असलेलं हेल्मेट बनवून चाचणीत पास करून घेतलं आहे. नांदेडच्या दुकानांत मला तसं अजून दिसलं नाही.

गेल्या रविवारी भाचा हेल्मेट न काढता वेरूळपर्यंत गेला. दुकानदाराने तारेचा तुकडा ठेवून घेतला आहे, टेपाशेजारच्या खिळ्याला टांगून.