दाखल्यामागचा कायदा : ‘आपले सरकार’ पोर्टलची पार्श्वभूमी

पुण्यात दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर यांसाठी पालकांची धावपळ सुरू होते. हे अर्ज आता ‘आपले सरकार’ या पोर्टलवर भरले जात असल्याने या साऱ्याकडे संगणकीकरणाचे फळ म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. परंतु या पोर्टलचा कणा आहे तो कायदा, आणि तो कायदा दफ्तरदिरंगाईविरुद्धच्या दीर्घ लढ्यातून आलेला आहे.

पूर्वीची पद्धत पुणेकरांच्या एका पिढीला चांगलीच आठवत असेल. खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत कोर्ट फी तिकीट लावलेला अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र आणि तलाठ्याचा अहवाल द्यायचा आणि मग वाट पाहायची. कागद कोणत्या टेबलावर अडकला आहे हे विचारण्याचा अधिकृत मार्ग नसे, आणि म्हणूनच तो पुढे सरकवून देणाऱ्या मध्यस्थांचे फावत असे. पुढे ‘सेतू’ केंद्रे आली आणि अर्ज स्वीकारण्याची खिडकी एक झाली, मात्र खिडकीमागची टेबले तीच राहिली. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली होती, तरी अधिकाऱ्याने कागद किती दिवस ठेवून घ्यावा, यावर त्या मान्यतेचा काहीच परिणाम होणार नव्हता.

त्या प्रश्नाला राज्यात पहिल्यांदा हात घातला तो २००५ च्या कायद्याने. नावात सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन असलेल्या या कायद्याचा दुसरा भाग शासकीय कर्तव्यातील विलंबाला प्रतिबंध करण्यासाठी होता, आणि त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा मोठा रेटा होता. सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये आणि प्रत्येक कार्यालयाने नागरिकांची सनद, म्हणजे कोणती सेवा किती मुदतीत मिळेल याची जाहीर यादी, प्रसिद्ध करावी, असे त्यात सांगितले होते. सनदा तयार झाल्या, कार्यालयांच्या भिंतींवर लागल्याही. परंतु सनदेतली मुदत उलटली तर अर्जदाराने कोणाचे दार ठोठवायचे, याची ठोस सोय नव्हती. माझ्या मते या कायद्याची खरी उणीव हीच होती. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा करून ती सोय देशात प्रथम दाखवून दिली आणि नंतर बिहारसह अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला.

महाराष्ट्रात यासाठी एप्रिल २०१५ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी त्याचे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात रूपांतर झाले. या कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला ती देण्यास जबाबदार असा एक पदनिर्देशित अधिकारी, एक कालमर्यादा आणि दोन अपील प्राधिकारी जोडून दिले. अर्ज मुदतीत निकाली निघाला नाही किंवा नाकारला गेला, तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते. त्यानंतर दुसरे, आणि तिथेही समाधान झाले नाही तर साठ दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण ती अधिकाऱ्याने स्वतः भरायची असते, हे महत्त्वाचे.

पोर्टलचे खरे काम इथे सुरू होते. मुदत मोजायची तर अर्ज कधी आला याची निर्विवाद नोंद हवी, आणि ऑनलाइन अर्जाला मिळणारा क्रमांक ती नोंद करतो. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून नोंदणी केली की विभाग आणि सेवा निवडायची, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा जोडायचा आणि शुल्क भरायचे. छायाचित्र १६० बाय २०० पिक्सेलचे आणि ५ ते २० केबीच्या आतले हवे, कागदपत्रे ७५ ते ५०० केबीच्या दरम्यान हवीत. घरी बसून अर्ज करायला निघालेली कित्येक माणसे याच पायरीवर थांबतात आणि कोपऱ्यावरच्या केंद्रात जातात. पुढे अर्ज कचेरीतल्या टेबलांवरूनच जातो, फक्त पडद्यावर. लिपिक कागद तपासतो, त्रुटी असेल तर अर्ज परत पाठवतो, आणि सारे नीट असेल तर शेवटी सक्षम अधिकारी डोंगल लावून डिजिटल स्वाक्षरी करतो. दाखल्यावरच्या बारकोडमुळे तो खरा की खोटा हे महाविद्यालयाला तपासता येते.

या सगळ्यात पुण्याचा वाटा अर्जदारापुरता नाही. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेच्या इथल्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने देवनागरी सरकारी संगणकांपर्यंत पोहोचवली. एका यंत्रावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर अगम्य चिन्हे होऊन उघडण्याचा त्रास मात्र युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती रुळल्यावरच सरला, आणि तोवर राज्यभराचे मराठी अर्ज एका व्यवस्थेत शोधता येणे अवघडच होते. जमाबंदी आयुक्त आणि नोंदणी महानिरीक्षक ही दोन्ही कार्यालयेही पुण्यातच आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने त्यांच्यासाठी जमिनीच्या नोंदींतल्या बदलांची ई-फेरफार आणि दस्त नोंदणीची आय-सरिता या प्रणाली विकसित केल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला तो या कामाच्या जोरावर.

केंद्रांचे जाळे वेगळ्या वाटेने वाढले. २००६ च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेतून देशभर सामाईक सेवा केंद्रांची कल्पना आली, आपल्याकडे ती महा ई-सेवा केंद्रे म्हणून उभी राहिली आणि लोकसेवा हक्क कायद्यानंतर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ हे नाव आले. केंद्रचालक अर्ज भरून देतो, पावती देतो. पण त्या पावतीवरच्या तारखेपासून कायद्याची मुदत धावू लागते, हे अर्जदाराला सहसा कोणी सांगत नाही. अपिलाची सोय त्याच पोर्टलवर आहे आणि आयोगाचे विभागीय कार्यालय पुण्यात आहे, तरीही दाखला लांबला की पुणेकर आजही आधी ओळखीचा माणूस शोधतो. पावती देतानाच मुदतीची शेवटची तारीख आणि प्रथम अपील प्राधिकाऱ्याचे पद ठळकपणे दाखवून सांगण्याची शिस्त प्रत्येक केंद्राला लावली, तर २०१५ च्या कायद्याचा अर्धा उपयोग त्या खिडकीवरच होईल.