स्ट्रेप्टोकॉकस संसर्ग: संशोधन आणि सार्वजनिक आरोग्य

स्ट्रेप्टोकॉकस हा साखळीत वाढणाऱ्या गोल बॅक्टेरियांचा एक मोठा गट आहे. त्यातले बरेचसे आपल्या तोंडात, घशात, आतड्यात कायम राहतात आणि काही त्रासही देत नाहीत, पण काही जाती साध्या घसादुखीपासून जिवावर बेतणाऱ्या सेप्सिसपर्यंत (म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच निकामी होऊ लागणं) काहीही करू शकतात. माणसाच्या दृष्टीने तीन जाती सगळ्यात महत्त्वाच्या: ग्रुप ए म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, ग्रुप बी म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टी, आणि न्यूमोकॉकस. न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा मोठा विषय आहे, त्याच्या लसी आहेत आणि चांगलं काम करतात, म्हणून ही नोंद मुख्यतः ग्रुप ए वर आणि थोडी ग्रुप बी वर आहे.

ग्रुप ए माणसाशिवाय दुसरीकडे फारसा राहतच नाही. खोकला, शिंका, जवळचा संपर्क, त्वचेवरच्या जखमा यातून तो पसरतो आणि घरात एकाला झाला की दुसऱ्यालाही होतो, दाटीवाटीने राहणाऱ्यांत तर जास्तच. लागण झाल्यावर साधारण २ ते ५ दिवसांत अचानक ताप येतो, घसा ठणकतो, गिळताना जीव जातो, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, मानेत गाठी येतात. खोकला आणि वाहतं नाक असेल तर बहुतेक वेळा तो व्हायरस असतो, स्ट्रेप नाही, आणि हे लक्षात ठेवणं फार गरजेचं आहे कारण व्हायरसवर अँटिबायोटिक घेऊन काही उपयोग नसतो. नक्की करायचं तर घशाचा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) घेऊन कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, किंवा रॅपिड टेस्ट. त्वचेवर हाच जंतू इंपेटिगो म्हणजे पिवळ्या खपल्यांच्या फोडी, सेल्युलायटिस आणि धावरे करतो. काही स्ट्रेन, म्हणजे जंतूचे उपप्रकार, एक विष तयार करतात त्यामुळे अंगावर लाल पुरळ येतं, तो स्कार्लेट फीवर.

घसा चार-पाच दिवसांत आपोआपही बरा होतो, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. कारण बरं वाटलं म्हणून कुणी पुढे बघत नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना रुमॅटिक फीवर होतो: सांधे सुजतात, कधी हातपाय आपोआप हलायला लागतात, आणि मुख्य म्हणजे हृदयाला सूज येते. जंतूच्या पृष्ठभागावरचं एम प्रोटीन आणि हृदयाच्या स्नायूतलं मायोसिन यांची रचना काही ठिकाणी मिळतीजुळती असते, त्यामुळे जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयावर उलटते. हे ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये जास्त दिसतं. सांधे पूर्ण बरे होतात पण हृदयाच्या झडपा, विशेषतः डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल व्हॉल्व्ह, खराब होऊन राहतात, आणि पुन्हा पुन्हा इन्फेक्शन झालं की आणखी बिघडतात. मग वीस-पंचवीसच्या वयात दम लागतो, कुणाचं गरोदरपणात निदान होतं, कुणाला ऑपरेशन लागतं. एम प्रोटीनचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत, आणि एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर फारशी चालत नाही.

किडनीचं वेगळं आहे. घशाच्या किंवा त्वचेच्या इन्फेक्शननंतर काही ठरावीक स्ट्रेनमुळे किडनीला सूज येते, लघवी गडद होते, चेहरा सुजतो. मुलं यातून बहुतेक पूर्ण बरी होतात.

संशोधनाचा इतिहास बाळंतपणापासून सुरू करावा लागतो. १८४७ मध्ये व्हिएन्नामध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि प्रसूतीनंतरच्या तापाने होणारे मृत्यू एकदम खाली आले, जिथे १८४६ मध्ये हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होतं तिथे १८४८ मध्ये ते दीड टक्क्याच्या खाली गेलं. जंतू नक्की कोण हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं आणि त्यांचं म्हणणं बऱ्याच मोठ्या डॉक्टरांनी मानलंही नाही. १८७४ मध्ये थिओडोर बिलरोथ यांनी जखमांमध्ये साखळीतले जंतू पाहिले, १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी बाळंतरोगाच्या रुग्णांत ते दाखवले आणि १८८४ मध्ये फ्रीडरिख रोझेनबाख यांनी पायोजेनिस हे नाव दिलं. पण सगळे स्ट्रेप सारखेच दिसतात मग कोणता कशाला कारण, हा गुंता सोडवला तो रेबेका लान्सफील्ड यांनी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९३३ साली त्यांनी पेशीभित्तीतल्या कार्बोहायड्रेटवरून ए, बी, सी असे गट पाडले, त्याआधीच एम प्रोटीनवर काम सुरू केलेलं होतं, आणि आज रॅपिड टेस्टमध्ये जे शोधलं जातं ते तेच ग्रुप ए चं कार्बोहायड्रेट. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलं जातं, ते मला नेहमी कमी वाटतं.

औषधांच्या बाबतीत पहिला मोठा बदल पेनिसिलिनने नाही तर सल्फा गटातल्या औषधांनी केला. १९३२ मध्ये गेरहार्ड डोमाक यांना दिसलं की प्रॉन्टोसिल हा लाल रंग स्ट्रेपने आजारी पाडलेल्या उंदरांना वाचवतो, मग लंडनमध्ये लिओनार्ड कोलब्रुक यांनी १९३६ मध्ये बाळंतरोगाच्या स्त्रियांवर त्याचे निकाल छापले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. पुढे पेनिसिलिन आलं. सगळ्यात निर्णायक काम अमेरिकेच्या वायोमिंगमधल्या वॉरेन लष्करी तळावर झालं, तिथे घसा सुजलेल्या सैनिकांना पेनिसिलिन देऊन पाहिलं, तर औषध मिळालेल्या ७९८ जणांपैकी २ जणांना रुमॅटिक फीवर झाला आणि न मिळालेल्या ८०४ पैकी १७ जणांना. १९५० मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे घशाचा उपचार नीट केला तर हृदय वाचतं, हे सत्तर वर्षांहून जास्त काळ सिद्ध आहे, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू केलं तरी चालतं, म्हणजे घाईचीही फार गरज नसते, फक्त १० दिवसांचा कोर्स अर्ध्यात सोडायचा नाही. आणखी एक दिलासा म्हणजे ग्रुप ए पेनिसिलिनला अजूनही प्रतिकार करत नाही. अझिथ्रोमायसिनसारख्या औषधांना मात्र अनेक ठिकाणी करतो.

तरीही आकडे बघितले की वाईट वाटतं. २००५ मध्ये लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार ग्रुप ए च्या गंभीर आजारांमुळे दरवर्षी किमान ५ लाख १७ हजार मृत्यू होतात आणि घशाच्या इन्फेक्शनच्या ६१ कोटींहून जास्त केसेस असतात. २०१५ साठीच्या अंदाजात फक्त रुमॅटिक हृदयविकाराचे ३ कोटी ३४ लाख रुग्ण आणि ३ लाख १९ हजार मृत्यू होते. श्रीमंत देशांत हा आजार जवळजवळ गेला, आणि त्यात औषधाइतकाच वाटा मोकळ्या घरांचा, कमी गर्दीचा आणि दवाखाना जवळ असण्याचा होता. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजात आणि न्यूझीलंडमधल्या माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या मुलांत तो आजही भरपूर आहे, म्हणजे देश श्रीमंत असून पुरत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१८ मध्ये यावर ठराव केला, माझ्या मते तो बराच उशिरा आला.

क्वचित हाच जंतू खोलवर शिरतो: नेक्रोटायझिंग फॅशियायटिस म्हणजे त्वचेखालचा भाग काही तासांत सडत जाणं, किंवा टॉक्सिक शॉक म्हणजे जंतूच्या विषामुळे रक्तदाब एकदम कोसळणं. जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त असेल तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं, तिथे सर्जरी आणि पेनिसिलिनसोबत क्लिंडामायसिन देतात, कारण ते विषाची निर्मितीच थांबवतं. २०२२ च्या हिवाळ्यात युरोपातल्या अनेक देशांत मुलांमध्ये अशा गंभीर केसेस अचानक वाढल्या. ब्रिटनमध्ये त्याआधीच एम१युके नावाचा स्ट्रेन ओळखला गेला होता, जुन्या एम१ पेक्षा त्याच्यात फक्त २७ ठिकाणी जनुकीय फरक, पण विष तो जास्त बनवतो.

ग्रुप बी ची गोष्ट नवजात बाळांची. बऱ्याच गरोदर स्त्रियांच्या शरीरात, जगभरात अंदाजे पाचातल्या एकीत, तो काही त्रास न देता असतो, पण प्रसूतीच्या वेळी बाळाला लागला तर पहिल्या आठवड्यात सेप्सिस किंवा मेंदुज्वर होऊ शकतो. म्हणून काही देशांत गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत स्वॅब घेतात आणि पॉझिटिव्ह असेल तर कळा सुरू असताना शिरेतून पेनिसिलिन देतात. आईला देता येईल अशी लस अजून चाचणीत आहे.

ग्रुप ए ची लस का नाही, हा प्रश्न सगळे विचारतात. एक तर इतके प्रकार, दुसरं म्हणजे लसच हृदयावर उलटेल ही भीती. १९६० च्या दशकात एका चाचणीनंतर काही मुलांना रुमॅटिक फीवर झाला आणि १९७९ मध्ये अमेरिकेत ग्रुप ए पासून बनवलेल्या घटकांवर बंदी आली, ती २००६ मध्ये उठली. मधली जवळपास तीन दशकं वाया गेली असं म्हणायला हरकत नाही. आता जिथे सगळे प्रकार सारखे असतात त्या भागांवर लसी बनवतायत, आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या घशात मुद्दाम जंतू सोडून लस तपासण्याची पद्धतही तयार झाली. याच जंतूने विज्ञानाला आणखी काही दिलं हेही सांगायला हवं: रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज याच्या जातभाईंकडून आलं, आणि क्रिस्पर जीन एडिटिंगमधलं (जनुकांत हवा तसा बदल करण्याच्या तंत्रातलं) डीएनए कापणारं प्रोटीन कॅस९ तर पायोजेनिसचंच, त्याच्या अभ्यासातून एमान्युएल शार्पोंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

लस येईपर्यंत हातात आहे ते बेंझाथिन पेनिसिलिन, ज्यांना एकदा रुमॅटिक फीवर झाला त्यांना ३ ते ४ आठवड्यांनी एक इंजेक्शन, तेही अनेक वर्षं. युगांडात ज्या मुलांना काही लक्षणं नव्हती पण इको मध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपेत सुरुवातीचा बिघाड दिसला अशा ८१८ मुलांवर चाचणी झाली, २ वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला आणि न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के. इतकं परिणामकारक औषध असूनही इंजेक्शन फार दुखतं, मुलं टाळतात, कधी साठाच नसतो. म्हणून आता त्वचेखाली एकदाच मोठा डोस देऊन दोन-तीन महिने पुरेल का, यावर काम चाललंय.